टपालाने आलेली कबुली

कोर्टाची पायरी न चढताही भारतात गुन्हेगार ठरता येतं. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची, आणि तीही पाच हजार रुपयांपर्यंतचीच शिक्षा आहे, त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२९खाली न्यायदंडाधिकारी खास समन्स काढू शकतात. दंडाची रक्कम समन्सवरच लिहिलेली असते. आरोपीने गुन्हा कबूल असल्याचं लिहायचं आणि तारखेआधी पैशांसह टपालाने किंवा कोणाच्या हाती पाठवून द्यायचं. १ जुलै २०२४ला ही संहिता लागू होईपर्यंत मर्यादा एक हजाराची होती. वाहतुकीचे गुन्हे यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात अशीच वेगळी तरतूद आहे.

रोजंदारी बुडवून तालुक्याच्या कोर्टात दिवसभर ताटकळणाऱ्याला ही सोय हवीशी वाटणारच. मेख तिथेच आहे. लिहिणारा गुन्हा कबूल करतोय की पुढच्या तारखा चुकवतोय, हे कागदावरून कळत नाही.

समोर उभ्या असलेल्या आरोपीबाबत कायदा जास्त सावध असतो. समन्स खटल्यात, म्हणजे तुलनेने हलक्या गुन्ह्यांच्या खटल्यात, त्याची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत टिपावी लागते. ‘हो, ढकललं, पण आधी त्यानेच हात उगारला’ असं कोणी म्हणालं, तर ती कबुली की बचाव, हे न्यायाधीशाला ठरवावं लागतं. गंभीर खटल्यातही ही सावधगिरी दिसते. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात २० जुलै २००९ रोजी, शंभरावर साक्षीदार तपासून झाल्यावर, अजमल कसाबने अचानक गुन्हा कबूल असल्याचं सांगितलं. न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी ते नोंदवून घेतलं. पण ती सगळ्या आरोपांची कबुली नव्हती, म्हणून खटला पुढे चालवला. निकाल मे २०१०मध्ये लागला.

इंग्लंडमध्ये टपालाने कबुली द्यायची पद्धत १९५७पासून आहे. २०१५पासून तर किरकोळ खटले एकच मॅजिस्ट्रेट बंद दाराआड कागदांवरून निकाली काढतो, आणि आरोपीने एकवीस दिवसांत उत्तर दिलं नाही तरी निकाल लागतो. रेल्वे कंपन्यांनी विनातिकीट प्रवाशांवर याच वाटेने खटले भरले. ज्या कायद्याखाली ते भरले, त्यासाठी ही वाट खुलीच नव्हती! ऑगस्ट २०२४मध्ये असे सुमारे ७४ हजार खटले बेकायदा ठरण्याची वेळ आली. एवढ्या ढिगाऱ्यात ही वाट कायदेशीर आहे का, हा मूळ प्रश्न वर्षानुवर्षं कोणी विचारला नाही, हे दंडाच्या रकमेपेक्षा गंभीर आहे.

शिक्षेबाबत तडजोडीचा अर्ज आला, तर भारतीय न्यायालय आरोपीशी एकांतात बोलून तो स्वखुशीने केला आहे ना, याची खात्री करतं. पाच हजारांच्या पत्राला अशी चाळणी नाही. केंद्र सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात मात्र न्यायालयाने कधी दंड केला आहे का, हा प्रश्न असतो. निदान एवढी माहिती समन्सवरच, दंडाच्या आकड्याशेजारी, सोप्या मराठीत छापायला हरकत नसावी.