एकांत कोणाच्या कमाईचा?

अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव पुढे आला, आणि नाशिककरांत एक जुना वाद नव्याने सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, घाम गाळून गड चढल्याशिवाय ब्रह्मगिरीवरच्या गोदावरीच्या उगमाचे दर्शन फळत नाही. दुसरा विचारतो, देव काय फक्त धडधाकट माणसांचा आहे? भांडण जोरात असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे : आडवाटेच्या जागी लाभणारी शांतता ही तिथवर पोचणाऱ्याची कमाई. हे गृहीतच मुळात तपासायला हवे. एकांत कोणी एकट्याने कमावत नाही, तो पुष्कळांनी मिळून राखलेला असतो. म्हणून पुण्य कोणाला किती, यापेक्षा त्या जागेला किती माणसे सोसतील, हा प्रश्न अधिक धार्मिक आहे.

याचा पुरावा शहराच्या वेशीवरच कोरलेला आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, असा दंडक घातला. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक दराने व्याज मिळे, म्हणजे वर्षाला 240. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. हिशेब चोख जुळतो. डोंगरावरचे ध्यान खाली गोवर्धनात चालणाऱ्या मागांच्या जिवावर उभे होते, आणि तरतूद मोजक्या माणसांपुरती होती. जगापासून दूर बसलेला भिक्षूही जगाचा ऋणकरी होता.

यावर कोणी म्हणेल, ही झाली पोटापाण्याची सोय. साधनेचे फळ तर ज्याच्या त्याच्या कष्टाचेच ना? ब्रह्मगिरीचीच परंपरा वेगळे सांगते. प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती नाथपंथी गुरू गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोचला, अशी ही कथा. त्याला गुहेपर्यंत नेले ते भीतीने, तपश्चर्येने नव्हे. शिवाय तिथे मिळालेले त्याने स्वतःजवळ ठेवले नाही, धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिले. त्यातूनच पुढे वारकऱ्यांचा मेळा फुलला. गर्दीत देव नसतो, असे म्हणायची सोय त्यामुळे आपल्याला उरलेली नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणारी गर्दीही भक्तीच असते. फरक इतकाच, की ती येते आणि ओसरते. उरलेले दिवस डोंगर डोंगराचा असतो.

मग रोपवेला हरकत का? कराचीच्या एका शेठजींनी 1908 च्या सुमारास ब्रह्मगिरीवर दगडी पायऱ्या बांधून दिल्या, तीही सोयच होती. सप्तशृंगी गडावर 2018 पासून ट्रॉली आहे. तिने वर गेलेल्या म्हातारीचे दर्शन उणे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा युक्तिवाद खरा आहे, आणि सोय म्हणजे अधर्म नव्हेच. पण पायऱ्यांवर माणूस आपल्या दमाने चढतो, त्यामुळे एका वेळी वर किती जण असतील याला आपोआप आळा बसतो. यंत्राला दम लागत नाही. तिथे तो आळा माणसाने ठरवून घालावा लागतो, आणि तो ठरवताना तिकीटविक्रीचा आकडा नव्हे, अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारी गिधाडे, उगमाचे पाणी आणि पायथ्याची गावे विचारात घ्यावी लागतात. असा आळा घालता येत नसेल, तर रोपवे नकोच. घालता आला, तर पहिली जागा थकलेल्यांची आणि अपंगांची. धडधाकट माणसाने पायी जावे, आणि वर आधीच पुरेशी माणसे असतील त्या दिवशी पायथ्याशी कुशावर्तावरूनच हात जोडून परतावे. गीतेच्या तेराव्या अध्यायात एकांताची ओढ ज्ञानाच्या लक्षणांत गणली आहे, पण त्याच यादीत निरहंकारही आहे. दुसऱ्याच्या एकांतासाठी आपली पाळी सोडता येणे, ही त्या दोन्हींची एकत्र परीक्षा आहे.