मोरीचं पाणी

2016 चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, ते दिवस. लातुरात एका गल्लीत दोन जावा शेजारी शेजारी राहत.

थोरलीने मोरीपाशी पिंप ठेवलं. आंघोळीचं, धुण्याचं, खरकट्या भांड्यांचं, सगळं पाणी त्यात. पिंप भरलं की तिला धीर यायचा. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर नाक धरावं लागलं. वर तेलाचा तवंग, आत डासांच्या अळ्या. तरी ओतून द्यायला तिचा जीव होईना. तिला नावं ठेवू नयेत. घागरीसाठी रात्र जागून काढलेल्या बाईलाच ते कळेल. तिने ते पाणी कोथिंबिरीच्या वाफ्यावर शिंपडलं. मुलांनी ती कोथिंबीर कच्चीच खाल्ली आणि दोघांचीही पोटं बिघडली.

धाकटीच्या दारात पिंप नव्हतं. मोरीचा पाइप परसातल्या खड्ड्यात सोडलेला. खड्ड्यात तळाला विटांचे तुकडे, त्यावर खडी, वर वाळू. कडेने केळ, अळू, कर्दळ. भांड्यांचं तेल ती आधी कागदाने पुसून काढी, मोरीला जाळी लावी. बाळाच्या लंगोटांचं पाणी संडासात. धुण्याचा सोडा तिने बंदच केला होता, कारण त्याने माती कडक होते आणि पाणी मुरेनासं होतं.

"तुझ्याकडे बादलीभरसुद्धा साठलेलं नाही," थोरली म्हणाली, "आणि केळ एवढी हिरवी कशी गं?"

"अक्का, साठवलं नाही म्हणूनच. साधं दूध तापवलं नाही तर नासतं. यात तर साबण, मळ, अन्नाचे कण. पिंपात ते कुजत बसतात, मातीतले जीव मात्र ते पचवतात. चोवीस तासांच्या आत हे पाणी मुळांना द्यायचं. पानांवर नाही, कच्च्या खायच्या भाजीला तर नाहीच. प्यायचं पाणी जपून ठेवावं, वापरलेलं पाणी वेळेत मार्गी लावावं."

थोरलीने त्याच संध्याकाळी पिंप घासून पालथं घातलं आणि कुदळ मागायला धाकटीकडे आली.

तुमच्या मोरीचं पाणी जातं कुठे, तेवढं आज एकदा मागच्या बाजूला जाऊन बघा.