अंतराळांतील शेजारधर्म

सन २०२२ च्या गुढीपाडव्याची, २ एप्रिलची, संध्याकाळ विदर्भांतील पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. जळत्या गोळ्यांची एक रांग आकाश ओलांडून गेली, आणि आम्हां वर्धेकरांच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं, धातूचें एक भलें थोरलें कडें येऊन पडलें. तें चिनी अग्निबाणाचें असावें, असें तज्ज्ञांचें अनुमान होतें. तो अग्निबाण कोणावर रोखलेला नव्हता. परंतु ज्याचें कोणाशीं वैर नाहीं अशा खेडुताच्या दारीं परक्याच्या सामर्थ्याचा केर पडतो, तेव्हां त्या सामर्थ्याच्या नीतीविषयीं विचारण्याचा अधिकार त्यालाही पोंचतो.

हा केर अजाणतां पडला. बुद्धिपुरःसर केलेला निराळाच. ११ जानेवारी २००७ रोजीं चीननें आपलाच जुना हवामान-उपग्रह सुमारें ८५० किलोमीटर उंचीवर फोडला. मागोवा घेतां येण्याजोगे ३००० हून अधिक तुकडे झाले, आणि त्या उंचीवर हवा इतकी विरळ कीं ते अनेक दशकें फिरत राहावयाचे. पुढील वर्षीं अमेरिकेनें आपला एक उपग्रह पाडला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं रशियानें तोच प्रयोग केला, तेव्हां अंतराळ-स्थानकांतील मंडळींना, त्यांत खुद्द रशियन प्रवासीही आले, जीव मुठींत धरून आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला.

आणि आपण? २७ मार्च २०१९ रोजीं आपणही सुमारें ३०० किलोमीटर उंचीवरील आपला उपग्रह क्षेपणास्त्रानें फोडला. शेजारी सशस्त्र असतां हातावर हात ठेवून बसावें, असें मी म्हणणार नाहीं. ज्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे त्याच जिल्ह्यांत पुलगांवचें दारूगोळ्याचें भांडारही आहे. दोहोंपैकीं एकाकडे डोळेझांक करणें मला कधींच जमलें नाहीं. उंची कमी निवडण्यांत विवेक होता, हेंही खरें. तरी कांहीं तुकडे वर उसळले व वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले.

प्रश्न सुरक्षिततेचाच म्हणावा, तर हिमालयाच्या दोन्ही अंगांची हालचाल आज उपग्रहांच्या डोळ्यांनीं दिसते. डोळे शाबूत असलेला प्रतिपक्षी थांबून पाहतो. ते जाण्याची धास्ती बसलेला आधींच काठी उगारतो.

डिसेंबर २०२२ मध्यें असे विध्वंसक प्रयोग करूं नयेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढें आला. १५५ राष्ट्रें अनुकूल; चीन व रशिया विरुद्ध; भारत तटस्थ. स्वेच्छेच्या वचनापेक्षां सर्वांस बांधणारा करार हवा, ही आपली जुनी भूमिका. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या वेळीं जेवून उठलेल्यांनीं इतरांस उपासाचा उपदेश केला, हा अनुभवही विसरण्याजोगा नाहीं. पण या पंगतींत आपण २०१९ मध्येंच जेवलों आहोंत. ढेकर दिल्यावर पंक्तिभेदाची तक्रार कोणत्या तोंडानें करावी? असा प्रयोग पुन्हां करणार नाहीं, एवढें म्हटल्यानें आपली शक्ति तसूभरही उणी झाली नसती. कराराचा आग्रह त्यानंतरही धरतां आला असता, आणि तो अधिक वजनानें.