नाचोजचा धनी कोण?

मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतराला कागदी ट्रेमधून मिळणारे नाचोज आपण मेक्सिकन खाणं म्हणून खातो. जाणकार लगेच दुरुस्ती करतात, की छे, हे तर अमेरिकनांचं खूळ. मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. नाचोज मेक्सिकोत जन्मले, एका मेक्सिकन माणसाच्या हातून. पण आपल्या ट्रेमध्ये जे येतं ते त्याच्या हातचं नव्हे.

कोआविला राज्यातलं पिएद्रास नेग्रास हे गाव रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. पूल ओलांडला की टेक्सासमधलं ईगल पास. दुसऱ्या महायुद्धात ईगल पासजवळ अमेरिकी सैन्याचा हवाई तळ होता आणि सैनिकी अधिकाऱ्यांच्या बायका खरेदीला, खायला-प्यायला या बाजूला येत. 1943 च्या सुमारास अशाच काही जणी व्हिक्टोरिया क्लबमध्ये पोचल्या, तेव्हा स्वयंपाकी जागेवर नव्हता. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे इग्नासिओ आनाया स्वतःच स्वयंपाकघरात गेले. मक्याच्या तोर्तियाचे तळलेले त्रिकोणी तुकडे त्यांनी मांडले, त्यांवर पिवळं चीज घातलं, चीज वितळेपर्यंत ताटली भट्टीत ठेवली आणि प्रत्येक तुकड्यावर लोणच्यातल्या हालापेन्यो मिरचीचा काप ठेवला. इग्नासिओ नावाच्या माणसाला तिकडे लाडाने नाचो म्हणतात. तेच नाव पदार्थाला लागलं.

गोष्ट इतकीच सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, योगायोगाने जमलं. मला तसं वाटत नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळण्याची रीत मेसोअमेरिकेत हजारो वर्षांची आहे. तिच्यामुळे मक्याच्या पिठाचा गोळा बांधला जातो, तोर्तिया लाटता-थापता येते आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. गायीगुरं स्पॅनिश लोकांनी आणली, त्यांच्यामागून चीज आलं. तेलकट तुकडा आणि स्निग्ध चीज एकत्र आल्यावर आंबट-तिखट काहीतरी हवंच, हे जिभेला कळणारा माणूस तिथे उभा होता. प्रत्येक तुकडा स्वतंत्र, पुरा घास होता. घाईत केलेलं असलं तरी ते विचाराने केलेलं होतं.

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला 2010 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते मिचोआकान प्रांताचा दाखला समोर ठेवून. त्या चित्रात सरहद्दीवरच्या गावाला जागा कमीच. पण सरहद्दीवर राहणारी माणसंही मेक्सिकनच असतात. परक्या पाहुण्यांसाठी आणि परक्या चीजने केलं म्हणून त्यांचं खाणं उणं कसं ठरेल? साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस अमेरिका खंडांतून आले, तरी खिचडी आपण एकादशीला देवासमोर ठेवतो. कोणी तिला परकी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

पुढचा प्रवास वेगाने झाला. कार्मेन रोचा नावाच्या वेट्रेसने 1959 मध्ये हा पदार्थ लॉस एंजेलिसच्या एल चोलो या उपाहारगृहात नेला. मग टेक्सासच्या फ्रँक लिबर्टो यांनी 1976 मध्ये आर्लिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये नाचोज विकायला काढले. तिथे भट्टीसाठी थांबायला वेळ नव्हता, गिऱ्हाइकांची रांग पुढे सरकायला हवी होती. लिबर्टोंनी वितळवण्याची गरजच नसलेला, पातळ आणि टिकाऊ चीज सॉस आणला. डाव भर घालायचा, मिरच्या टाकायच्या, पुढचा गिऱ्हाईक. 1978 मध्ये हॉवर्ड कोसेल या गाजलेल्या समालोचकाने फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणात नाचोजचं नाव घेतलं आणि ते देशभर पोचलं. स्टेडियममधून चित्रपटगृहात, आणि तिथून आपल्याकडे जो आला तो हाच सॉसचा अवतार.

लिबर्टोंच्या व्यापारी हुशारीला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यात गेलं काय, ते सांगायला हवं. सॉस एका कोपऱ्यात साचतो, तळाचे तुकडे कोरडे राहतात, वरचे मऊ पडतात. एकेका घासाचा विचार करणारा माणूसच त्यातून निघून गेला.

आनायांनी पुढे पिएद्रास नेग्रासमध्ये स्वतःचं उपाहारगृह चालवलं. पदार्थावर हक्क नोंदवता येईल का, याची चौकशी त्यांच्या मुलाने केली होती, पण तोवर तो सगळ्यांचा होऊन गेला होता. 1975 मध्ये आनाया वारले. स्टेडियममधली विक्री सुरू झाली ती त्यानंतरच्या वर्षी. गावात आता दर ऑक्टोबरमध्ये नाचोजचा उत्सव भरतो.

या दिवाळीत फराळाचा कंटाळा आला, तर एकदा आनायांच्या पद्धतीने करून बघा. तुकडे ताटलीत एकेक करून मांडा, प्रत्येकावर चीज किसा, चीज वितळेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा, वर मिरचीचा एकेक काप ठेवा. आणि कोणी विचारलं तर त्यांचं नाव जरूर सांगा.