ढोलीखाली बसून

भोर-वेल्ह्याच्या एखाद्या देवराईत, जुन्या बेहड्याच्या बुंध्याशी, दिवस मावळताना बसा. चपला राईबाहेर काढल्याच असतील. आधी पाचोळा टोचेल, मग त्याखालचा गारवा पायांना लागेल. तोरणा काळा पडेपर्यंत नुसता श्वास येऊ-जाऊ द्या.

आता नजर हळूहळू वर, ढोलीपाशी न्या. आत उदमांजराची मादी असेल. दिवसभराच्या झोपेनंतर अंग ताणत असेल. एरवी ही एकटीच राहते. पिल्लं झाली की त्या काळोखात आई आणि तिची दोन-चार बाळं, एवढाच संसार. त्यांना पाजणं, राखणं सगळं तिच्याच अंगावर. तिच्या पोटाशी बिलगलेली ती ऊब मनात आणा. तिथंच थोडं थांबा.

आपण तिला मांजर म्हणतो. ती मांजर नव्हे, पण मुंगूस आणि तरसासारखी मांजराच्या भावकीतली आहे. अमेरिकेत रात्री असेच हिंडणारे, ढोलीत पिल्लं वाढवणारे रॅकून मात्र कुत्र्याच्या भावकीतले. राहणी जुळते, रक्त जुळत नाही. मला हे फार सुंदर वाटतं: रात्र, फळं आणि पोकळ झाड यांनी इतक्या दूरच्यांना एकाच वळणावर आणलं.

डोळे मिटा. वास घ्या. उदमांजर जिथून जातं तिथं कधी कधी सुवासिक भात शिजत असल्यासारखा वास रेंगाळतो. इथल्या माणसाला आंबेमोहरच आठवेल.

जवळच्या कातळावर हात फिरवा. वाळलेल्या विष्ठेत जांभळाच्या, भेरली माडाच्या बिया अख्ख्या सापडतील. रात्री खाल्लेलं फळ ती दूर नेऊन असं पेरते.

पुन्हा ढोलीकडे या. फांदी मोडावी, पाणी मुरावं, बुरशीनं गाभा पोखरावा, आणि तरीही झाड उभं राहावं, तेव्हा हे घर होतं. त्याला माणसाचं आयुष्य पुरत नाही. देवाच्या धाकानं इथं कुऱ्हाड थांबली, म्हणून ते झालं.

गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसेल. पोकळ झाड निकामी आहे, असं कुणी म्हणेल. तेव्हा उठा आणि आत कोण राहतं ते सांगा.