कप गोल कधी होतो?

ड्रॉन कप प्रकारचं निडल बेअरिंग खोक्यातून काढून त्यावर मायक्रोमीटर लावला, तर बाहेरचा व्यास एका ठिकाणी एक येतो आणि बेअरिंग जरा फिरवलं की दुसराच. नवखा माणूस माल परत पाठवायला निघतो. पण माल चांगला असतो. पातळ पोलादी पत्रा डायमध्ये ओढून हा कप घडवतात, मग उष्णता देऊन तो टणक करतात. त्यात तो थोडा वेडावाकडा होणारच, हे धरूनच त्याचं डिझाइन केलेलं असतं. हाउसिंगच्या अचूक बोअरमध्ये प्रेसने दाबून बसवला की बोअर त्याला गोल करतं. त्यामुळे मोकळ्या कपाची मापं घेऊन त्याला पास-नापास ठरवत नाहीत. जाड रिंग गेजमध्ये तो दाबायचा आणि आतल्या सुयांमधून, म्हणजे बारीक रोलरांमधून, प्लग गेज जातो की नाही हे पाहायचं.

तर मग हा कप गोल आहे की नाही?

प्रश्न वर्कशॉपमधला वाटतो, पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं याच मुद्द्यावर वाद घातला आहे: वस्तूला तिचा म्हणून काही स्वभाव असतो, की जे असतं ते दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने असतं? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन हा राजा मिलिंदाला, म्हणजे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या ग्रीक मिनॅंडरला, त्याच्याच रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, इतकंच. न्याय-वैशेषिकांना हे पटणारं नव्हतं. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा, खराखुरा असतो आणि समवाय संबंधाने त्यांच्यात राहतो. मात्र नागसेनाच्या दृष्टान्तात सुटे भाग गृहीतच धरलेले आहेत. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त तो आधारही काढून घेतला: काहीच स्वतःच्या बळावर सिद्ध नाही, भागसुद्धा नाहीत. पुढे सातव्या शतकात चंद्रकीर्तीने तोच रथ पुन्हा चर्चेत आणला आणि विचारलं, रथच नसेल तर हे भाग कशाचे?

निडल बेअरिंगचा प्रत्येक प्रकार नागार्जुनाच्या बाजूने साक्ष देतो. या बेअरिंगमधल्या रोलरचा व्यास साधारण 5 मिलिमीटरच्या आत आणि लांबी व्यासाच्या 3 ते 10 पट असते. म्हणून थोड्या जागेत ते मोठा भार पेलतं. जागा आणखी वाचवायची असेल तर आतली रिंगच काढून टाकतात. मग सुया थेट शाफ्टवर फिरतात, आणि शाफ्ट ग्राइंड केलेला, निदान 58 रॉकवेलइतका टणक असावा लागतो. आता बेअरिंग संपतं कुठे? खोक्यात जे आलं ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं दुसऱ्याच कारखान्यात, दुसऱ्याच कामगाराने गिअरबॉक्सचा शाफ्ट म्हणून बनवलेलं असतं.

सुईचंही तेच. उत्तम दर्जाच्या सुया 2 मायक्रॉनच्या फरकाने निवडून वेगवेगळ्या गटांत भरतात, आणि एका बेअरिंगमध्ये एकाच गटाच्या सुया घालायच्या असा दंडक असतो. एकटी सुई दोन-चार मायक्रॉन कमी भरली तरी बिघडत नाही. शेजारणींपेक्षा जाड निघाली तर भार एकटीवर येतो. तिचं योग्य असणं तिच्या अंगात नाही, इतरांशी असलेल्या बरोबरीत आहे. केज नसलेल्या बेअरिंगमध्ये तर सुया एकमेकींना टेकून फिरतात. सगळ्या एकाच दिशेने फिरत असल्याने, जिथे दोघी टेकतात तिथे त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांना घासतात. केज नसल्याने सुया जास्त मावतात आणि भार जास्त पेलला जातो, पण या घासण्यामुळे वेगावर मर्यादा येते. जर्मनीत गेओर्ग शेफलर यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस सुयांना केजमध्ये समांतर धरून ही घासाघीस टाळली.

नैयायिक इथे गप्प बसणार नाही, आणि त्याचं म्हणणं हलकं नाही. सुईचा टणकपणा तरी तिचा स्वतःचाच ना? खोक्यात पडून असली तरी ती टणकच असते. बोअर कितीही अचूक असो, मऊ पत्र्याचा कप त्यात टिकणार नाही. हे खरं आहे, आणि ‘सगळं संबंधांतच आहे’ असं सैल बोलणाऱ्यांनी ते ऐकायला हवं. पण तो टणकपणाही क्रोमियम, कार्बन आणि तापवून झटकन थंड करण्याच्या क्रियेतून आलेला आहे. पुन्हा तापवा, तो उतरतो. नागार्जुन टणकपणा नाकारत नाही. तो कशाविना टिकतो, एवढंच विचारतो.

‘कारिके’च्या चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी संतापून म्हणतो की सगळं शून्य, म्हणजे स्वतःच्या स्वभावाविना, असेल तर कर्म, फळ, दुःखाचा निरोध, काहीच उरत नाही. नागार्जुनाचं उत्तर नेमकं उलटं आहे: स्वभाव अढळ असता तरच काही बदलता आलं नसतं. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस खोलला की हे उत्तर हाताला लागतं. क्रॉसच्या कपांतल्या सुया पूर्ण फेरा घेत नाहीत, थोड्याच कोनात मागेपुढे झुलतात. ग्रीस कमी पडलं की क्रॉसच्या खुंटांवर सुयांच्या आकाराच्या रेघा उमटतात आणि गाडी उचलताना खट्ट आवाज येतो. दोष सुईचा, खुंटाचा, ग्रीसचा की भाराचा? एकट्याचा कुणाचाच नाही, आणि म्हणूनच दुरुस्ती शक्य होते. बाजारात किटही क्रॉस आणि चारही कप मिळूनच येतं.

नवा कप बसवताना सुया ग्रीसने कडेला चिकटवून ठेवलेल्या असतात. कप दाबूनही सर्क्लिप खाचेत जात नसेल, तर जाणता मेकॅनिक हातोडा मारत नाही, कप परत काढतो. बहुतेक वेळा एक सुई निसटून तळाशी आडवी पडलेली असते. तिच्यात काहीच खोट नसते. ती उचलून कडेला उभी करायची आणि कप पुन्हा दाबायचा.