आकृतिबंध बदलला, दाखला तोच

शिक्षणाचे टप्पे कागदावर मुलाच्या वयाप्रमाणे पडतात. प्रत्यक्षात ते शिक्षकाची नेमणूक कोण करतं, त्याप्रमाणे पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १०+२ मोडून ५+३+३+४ असा आकृतिबंध मांडला. सहावी ते आठवी हा मधला टप्पा, नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा. कल्पना चांगलीच आहे. अकराव्या वर्षी मुलाला विषय जाणणारे शिक्षक भेटावेत आणि चौदाव्यानंतर विषय निवडायला, निवड चुकली तर ती बदलायला उसंत मिळावी, यात वावगं काहीच नाही. घोडं अडतं ते आपल्या शाळांच्या मांडणीत.

जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. संस्थेचं हायस्कूल बहुधा पाचवी ते दहावी. त्यापुढे ‘ज्युनिअर’: कधी हायस्कूलच्याच आवारात, कधी तालुक्याच्या सीनिअर कॉलेजात. खेड्यातली मुलगी बारावीपर्यंत पोचली तर तोवर बहुधा दोनदा शाळा सोडल्याचा दाखला काढून झालेला असतो. दर वेळी नवे शिक्षक, नवं आवार, पुष्कळदा नवी एसटी. पास फुकट मिळतो. पण संध्याकाळची गाडी चुकली तर पुढची केव्हा, याचं उत्तर पासावर छापलेलं नसतं. “दहावी झाली ना, आता बास” असं घरात म्हणायला हाच मोका सापडतो.

दहावीनंतरचा हा सांधा काही अनादि काळापासून नाही. पूर्वीची अकरावी एसएससी हायस्कूलमध्येच व्हायची. महाविद्यालयांतले पदवीपूर्व वर्ग शाळेकडे यावेत, असं कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलं होतं. महाराष्ट्रात १९७५ ला नव्या पद्धतीची पहिली दहावी आणि १९७७ ला पहिली बारावी झाली. पण अकरावी-बारावीचे कितीतरी वर्ग कॉलेजांनाच जोडलेले राहिले. दहावीचा निकाल मग टोलनाका झाला. २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर झाला आहे. सलग म्हणवणाऱ्या टप्प्याच्या ऐन मध्यावर मूल पसंतीक्रम भरत बसतं. विज्ञान शाखेत तर ‘इंटिग्रेटेड’ची सोय आहे: नाव इथल्या हजेरीपटावर, मूल शहरातल्या क्लासात, आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या परीक्षेच्या तोंडावर एका आठवड्यात पूर्ण.

मधल्या टप्प्याचीही तीच गत. पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी ही विभागणी शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच केली. टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, दोन पेपरही त्याच रेषेवर आहेत. त्याप्रमाणे चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायची ठरली, तेव्हा खासगी संस्थांकडून विरोध झाला. तो शिक्षणशास्त्रातून आला नव्हता. पाचवीची तुकडी गेली की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, हायस्कूलचे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात. संस्थांची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीवर उपाय न करता काढलेला शासन निर्णय फायलीतच शोभतो.

सर्वांत मोठी फट कायद्यात आहे. शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयापुरता, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत. नवा चार वर्षांचा टप्पा नेमका तिथून सुरू होतो. ज्या टप्प्याचं धोरणाला एवढं कौतुक, त्याची सर्व मुलांना हमी देणारा कायदाच नाही.

“कॉलेजात गेलं की मूल सुधारतं, मोकळं होतं,” असं अनेक पालक म्हणतात. मोकळीक हवीच, पण ती विषय निवडण्याची हवी. वर्गाला दांडी मारायला सलग टप्पा कशाला?

म्हणून नवी पाठ्यपुस्तकं येण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. नववी ते बारावी एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली यावी आणि त्या चार वर्षांच्या शिक्षकांचा एकच संच मान्य व्हावा. आज अकरावीला इनहाउस कोटा १० टक्के असतो. ते प्रमाण उलटं करावं, म्हणजे आपल्याच शाळेत पुढे शिकणं हा नियम ठरेल आणि बाहेरचा प्रवेश अपवाद. आणि हक्काचं वय १८ पर्यंत न्यावं. एवढं होणार नसेल तर आकृतिबंधाचे आकडे बदलण्याचा खर्च वाचवावा आणि त्या पैशांत संध्याकाळची एक जादा एसटी सोडावी. मुलींच्या शिक्षणाला तिचा उपयोग जास्त होईल.